अमेरिकेचा रकाना

माझ्या उपम्याला भाऊंनी पहिल्या दिवशी सतरावा नंबर दिला. मी डबा पुढे केला, त्यांनी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, छताकडे बघून जरा विचार केला आणि म्हणाले, "सतरा. पण चढता आहे." मला वाटलं, माणूस थोडा सरकलेला दिसतो. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम शेंगदाणे जास्त घातले, तर म्हणाले, "अकरा." असं करत करत तीनेक महिन्यांत तो उपमा चौथ्या नंबरावर पोचला आणि तिथेच थांबला. मी विचारलं, आता वर का जात नाही? तर म्हणाले, "ताई, चौथा म्हणजे काय खायचं काम आहे? आमच्या बाईंची निम्मी गाणी पन्नासच्या आत आली नाहीत."

आमच्या बाई म्हणजे ऑस्ट्रेलियाची एक गाणारी. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण भाऊंच्या तोंडून मीही ते क्वचितच ऐकलं. ते नेहमी 'बाई' म्हणायचे, जशी आपण शाळेतल्या बाईंना म्हणतो. तिच्या गाण्यांनाही ते नावानं ओळखत नसत. 'चौथ्या रेकॉर्डची मागची बाजू', 'सातवं, जे न्यूझीलंडमध्ये जास्त चाललं ते', असं. तिनं आयुष्यात किती रेकॉर्डी काढल्या, कुठली कुठल्या देशात निघाली, तिथल्या आठवड्याच्या यादीत कितव्या नंबरावर लागली, किती वर चढली, किती आठवडे टिकली, हे सगळं भाऊंनी चाळीस वर्षं लिहून ठेवलं होतं. आणि गंमत म्हणजे गाणी ते ऐकत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला सूर कळत नाही हो ताई. जन गण मन सुरू झालं की लोक उभे राहतात म्हणून मला समजतं. मला क्रम कळतो."

आमची गाठ पडली ती इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या लायब्ररीच्या तळघरात. मी नागपूरहून मुलाकडे आले तेव्हा घरात दिवसभर एकटी. मुलगा आणि सून दोघंही लॅपटॉपसमोर, हेडफोन लावून. मी भिंतीशी बोलते की काय असं सुनेला वाटायला लागलं असणार. एक दिवस म्हणाली, "आई, तुम्ही घरी बोअर होता ना, लायब्ररीत व्हॉलंटियर करा. फक्त सॉर्टिंग असतं, फार बोलावं लागत नाही." तिला वाटलं मला इंग्रजी बोलायची भीती असेल. भीती होतीच. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं मी माझं माझं शिकले. मराठी वाचनालयात बसून, आणि इंग्रजी इथे येऊन, दुकानांच्या पाट्या आणि औषधांच्या बाटल्या वाचून. पण न बोलता राहण्याची मला त्याहून जास्त भीती होती, म्हणून गेले.

तर त्या तळघरात लोकांनी देऊन टाकलेली पुस्तकं, सीड्या, जुन्या रेकॉर्डी यांचे ढीग यायचे. आम्ही ते वेगळे करायचे आणि महिन्यातून एकदा वर त्यांचा सेल लागायचा. कॅरल नावाची एक उंच बाई सगळं बघायची. तिनं मला रेकॉर्डींच्या टेबलाशी नेलं. तिथे एक सडपातळ म्हातारे गृहस्थ, बूट काढून, मोजे घालून उभे. डोक्यावर एकावर एक दोन टोप्या. खिशातून सहा इंची पट्टी बाहेर आलेली. माझ्याकडे वर न बघताच त्यांनी विचारलं, "कुठल्या?"

"नागपूर."

"नागपूर मोठं आहे."

"इंदोरा."

तेव्हा त्यांनी मान वर केली. "जयभीम, ताई. मी पाचपावलीचा." आणि लगेच परत कामाला लागले. अर्ध्या तासानं म्हणाले, "बूट काढा. कागदाच्या जागी बूट घालू नये." मी काढले. त्या फरशीचा गारठा अजून माझ्या गुडघ्यात आहे.

भाऊ खुर्चीवर बसत नसत. तरुणपणी नागपुरात कुठल्याशा ड्रॉइंग ऑफिसात होते, तिथे मोठ्या उतरत्या टेबलाशी उभं राहून नकाशे काढायची सवय लागली ती गेली नाही. इथे आल्यावर मात्र त्यांना ते काम कधी मिळालं नाही. त्यांची बायको नर्स. तिला आधी नोकरी मिळाली, ती आधी आली, मागून हे आले. बायकोच्या व्हिसावर आलेला नवरा, त्या काळात. कुणी कुणी हसलं असेल. यांनी पुढे बावीस वर्षं एका कारखान्यात खोकी बांधली. पण खोक्यावर पत्ता लिहायचे तोही नकाशाच्या अक्षरात, सरळ, सगळी एका उंचीची. मी पाहिलंय ना, आमच्या टेबलावरची 'एक डॉलर'ची पाटी त्यांचीच होती. लोक ती पाटीच विकत मागायचे.

त्यांचा तो तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं घराचा नकाशाच आहे. मोठा कागद, घडी घातलेला. डावीकडे एकाखाली एक रेकॉर्डी, आणि वर देश. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, कॅनडा, अमेरिका. प्रत्येक चौकोनात आकडा. आकडा म्हणजे ते गाणं तिथे जास्तीत जास्त किती वर गेलं तो. आकड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आठवडे. आणि बऱ्याच चौकोनांत आकडाच नाही. काहींत आडवी रेघ, काहींत शून्य.

"हे दोन का वेगळे?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना इतका आवडला की त्यांनी वरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ताई, पुस्तकवाले दोन्हीला रेघच मारतात. खाली बारीक लिहितात, रेघ म्हणजे गाणं यादीत आलं नाही किंवा त्या देशात निघालंच नाही. आता सांगा, हे एकच आहे का? एक गाणं त्या देशात आलंच नाही. कुणी आणलंच नाही. ती रेघ. आणि एक गाणं आलं, दुकानात उभं राहिलं, लोक समोरून गेले, कुणी उचललं नाही. ते शून्य. ते आलं होतं हो. त्याला आलं नव्हतं कसं म्हणायचं?"

हे त्यांचं सगळीकडे चालायचं. इथल्या आपल्या मंडळात पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायच्या जेवणाला, एकदा सगळे जेवत बसले होते. कुणाचा तरी मुलगा व्हिसा न मिळाल्यानं सहा वर्षांनी पुण्याला परत गेला, त्याचा विषय निघाला. एक जण म्हणाले, "त्याचं इथे काही झालंच नाही यार." भाऊ हातातली प्लेट घेऊन उभेच होते. म्हणाले, "रेघ नका मारू. आला होता तो. सहा हिवाळे काढले त्यानं. शून्य द्या." त्या गृहस्थांना काही समजलं नाही. त्यांनी आपल्या बायकोकडे बघितलं. मला समजलं. घरी येताना गाडीत मी सुनेला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "अंकल स्वतःला काय देतात?" पुढच्या वेळी मी ते भाऊंना विचारलं. ते हसले. "मी शून्यवाला. अभिमानानं सांगतो."

लोकांना ते चक्रम वाटायचे, आणि होतेही. त्यांना फोनवर कुणी 'कसे आहात' विचारलं तर 'मागच्या आठवड्याइतकाच' म्हणायचे. बर्फात चालताना स्वतःच्याच आधीच्या पावलांत पाय ठेवून परत यायचे, म्हणे रस्ता कमी खराब होतो. इथल्या पोरांपैकी कुणी कुणी त्यांना फोन दाखवून म्हणायचं, "अंकल, जस्ट लुक इट अप, सगळं ऑनलाइन आहे." त्यावर शांतपणे म्हणायचे, "हो ना. ते तिथे कुणी घातलं असेल, विचार कर." आणि एक नियम फार कडक. लेखी पुराव्याशिवाय चौकोनात काही जायचं नाही. छापलेली यादी पाहिजे, नाही तर प्रत्यक्ष रेकॉर्ड हातात पाहिजे. "कुणी म्हणालं म्हणून मी आकडा लिहीत नाही. माणसाची आठवण हा पुरावा नाही," असं म्हणायचे, आणि हे म्हणताना दर वेळी एकदा गप्प व्हायचे. का, ते मला पुढे कळलं.

कारण त्या तक्त्यात एक चौकोन रिकामा होता. रेघ नाही, शून्य नाही. अमेरिकेच्या रकान्यात, नवव्या रेकॉर्डीसमोर. एवढ्या भरलेल्या कागदावर तेवढा एकच पांढरा. मी विचारलं, हे राहिलं का?

भाऊंनी कागदाची घडी घातली. मग उलगडली. मग सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

त्यांची बायको इथे आली तेव्हा इथून दक्षिणेला दीड तासावर एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात होती. पहिले सहा महिने एकटी. तिच्याबरोबर एक ऑस्ट्रेलियन नर्स राहायची, तिनं हिला या गाणारीच्या कॅसेट ऐकवल्या. हिला इंग्रजी गाण्यांतलं काही कळत नव्हतं, पण ती बाई आवडली. मग भाऊ आले. नोकरी नाही, बाहेर बर्फ, बायको नाइट ड्यूटी करून दिवसा झोपलेली. ते गावच्या लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथे गाण्यांच्या याद्या छापणारी मासिकं यायची. बायकोला आवडते म्हणून त्यांनी त्या बाईचे नंबर उतरवायला घेतले. सुरुवात तेवढीच. संध्याकाळी ती उठली की तिला दाखवायचे. ती ड्यूटीचे कपडे इस्त्री करता करता बघायची, म्हणायची, "अरे वा, कॅनडात चढली की आपली."

मग एक दिवस सकाळी ती नाइट ड्यूटी करून घरी आली. कोट काढायच्या आधी म्हणाली, "अहो, आज गाडीत रेडिओवर आपल्या बाईचं गाणं लागलं. ते नवं, नववं."

भाऊ म्हणाले, "कुठल्या स्टेशनवर?"

"आपल्या गावच्याच असेल. मी काही बघितलं नाही."

"किती वाजता?"

"उजाडत होतं."

भाऊंनी वही उघडली. नववं गाणं अमेरिकेत निघालंच नव्हतं. सगळ्या याद्यांत रेघ. त्यांनी तिला एकेक मासिक काढून दाखवलं. ती म्हणाली, "असेल, पण मी ऐकलं." हे म्हणाले, "शक्य नाही. बारा तास ड्यूटी केलीस, तुला भास झाला." ती कोट हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, "बरं."

तेवढ्यावर मिटलंही असतं. पण भाऊ म्हणजे भाऊ. त्यांनी त्या दिवशीची तारीख घालून वहीच्या शेऱ्याच्या जागी लिहिलं. 'पत्नीने रेडिओवर ऐकल्याचे सांगितले. खात्री केली. चुकीचे.' सुंदर अक्षरात. आणि वही जेवणाच्या टेबलावर राहिली.

"तिनं वाचलं?" मी विचारलं.

"वाचलं असणार. कधी बोलली नाही. फक्त त्यानंतर तिनं मला आज काय ऐकलं ते कधी सांगितलं नाही, ताई. गाणं नाही, हॉस्पिटलातलं काही नाही. भांडण नाही, राग नाही. संसार चांगला झाला. मुलगी झाली, घर घेतलं. ती ऐकायची, मी घरात आलो की बंद करायची. मला वाटायचं, माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून करते."

बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दर सात-आठ वर्षांनी ते सगळा तक्ता नव्या कागदावर उतरवायचे. ती गेल्यावर उतरवायला घेतला, नवव्या ओळीशी आले, आणि त्यांच्या हातून रेघ निघेना. पुरावा तर रेघेचाच होता. पण निघेना. तेव्हापासून तो चौकोन तसाच, आणि तेव्हापासून ते या तळघरात. मला इतके दिवस वाटत होतं, यांना रेकॉर्डींची आवड म्हणून येतात. ते एकच शोधत होते, नववी रेकॉर्ड, अमेरिकेत निघालेली. ती मिळाली तर बायको खरी. नाही मिळाली तर हे खरे. आणि यांना, बघा, आपण खोटे ठरायला हवं होतं.

मी म्हटलं, "भाऊ, आता लिहून टाका ना, ऐकलं म्हणून. तिच्या समाधानासाठी."

"तिला खोटं समाधान दिलेलं चाललं नसतं. ती नर्स होती. ताप असेल तेवढाच लिहायची."

त्यानंतरच्या जानेवारीत भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन आठवडे ते आले नाहीत. आणि नेमके त्याच दिवसांत आमच्याकडे रेकॉर्डींची चौदा खोकी आली. कॅरल म्हणाली, दक्षिणेकडचं कुठलं तरी जुनं रेडिओ स्टेशन बंद पडलं, त्यांच्या कपाटातला माल आहे. मी एकटीनं ती खोकी लावली. लहान लहान रेकॉर्डी, साध्या तपकिरी कागदी पाकिटांत. मोठ्या मेहनतीनं मी एकेक वाचून काढली. अर्ध्यांवर रंगीत गोल कागद, त्या मी सेलच्या टेबलावर लावल्या. आणि अर्ध्यांवर नुसता पांढरा कागद आणि त्यावर ठळक छापलेलं, नॉट फॉर सेल.

आता माझं काय झालं बघा. मी एवढी शिकून शिकून इंग्रजी वाचायला लागले, त्याचा मला अभिमान. लिहिलंय विकायचं नाही. आपण तर सेल लावतो. मग कसं विकणार? कुणाची तरी वस्तू आहे, परवानगी नाही. मी इमानदारीनं त्या सगळ्या टाकाऊच्या निळ्या डब्यांत टाकल्या. असं मी त्याआधीही दोन वर्षं करत होते, अधूनमधून एखादी सापडली की. कुणाला विचारायची गरज वाटली नाही, कारण मला वाचता येत होतं.

भाऊ परत आले ते काळा चष्मा लावून. आल्या आल्या मी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, चौदा खोकी एकटीनं लावली, रेडिओ स्टेशनची होती. त्यांनी स्टेशनच्या गावाचं नाव विचारलं. मला आठवेना, कॅरलनं सांगितलं. बायकोच्या हॉस्पिटलचंच ते गाव. भाऊंनी टेबलाचा कोपरा धरला.

"पांढऱ्या कागदाच्या कुठे आहेत?"

"त्या विकायच्या नव्हत्या. मी टाकल्या."

"टाकल्या."

"तसं लिहिलं होतं, भाऊ."

 ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, त्या दुकानाच्या नसतात. कंपनी आधी थोड्या पांढऱ्या कागदाच्या काढायची आणि रेडिओवाल्यांना फुकट पाठवायची, वाजवून बघा म्हणून. वाजल्या, लोकांना आवडल्या, तर मग दुकानासाठी काढायच्या. नाही तर नाही. मी आयुष्यभर दुकानातली शोधत बसलो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि मग, "आधी किती टाकल्यात अशा?"

मी काय सांगणार? दोन वर्षांचा हिशोब कुणी ठेवला होता?

कॅरल म्हणाली, ट्रक महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी येतो. म्हणजे त्याच दिवशी. निळे डबे मागच्या दाराशी, बाहेर, बर्फात. मी कोट चढवला. भाऊ निघाले तर कॅरलनं अडवलं. ऑपरेशन झालेल्या माणसानं वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डॉक्टरचा हुकूम. आणि तसंही त्या काळ्या चष्म्यातून त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. तेव्हा ठरलं ते असं. मी डब्यात वाकायचं, एकेक काढायची, आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं. भाऊ दारात उभे राहून ऐकणार.

चार डबे होते. बोटं दुखून दुखून मग दुखेनाशी झाली. मी अक्षर लावून लावून वाचत होते आणि ते 'पुढची' म्हणत होते. चुकीचा उच्चार केला तरी ओळखायचे. एक पूर्ण डबा झाला, दुसरा झाला. पुढची. पुढची. मध्ये मी रडायला लागले तर म्हणाले, "रडून वाचू नका, अक्षर नीट ऐकू येत नाही." मग मला हसू आलं. कॅरल मागे कॉफी घेऊन उभी, तिला आमचं काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ती आत गेली नाही. ट्रकवाला आला तर त्याच्याशी बोलत तिनं त्याला थांबवून ठेवला. तो बिचारा गाडीतच बसला, हीटर लावून.

चौथ्या डब्याच्या तळाशी मी ते नाव वाचलं. आधी आडनाव वाचलं, कारण तेवढंच दिसत होतं. भाऊ पुढची म्हणाले नाहीत.

"पाकिटावर काही लिहिलंय?"

होतं. वाजवणारे लोक पाकिटावर पेनानं तारखा टाकायचे, कधी वाजवलं त्याच्या, म्हणजे तेच गाणं लागोपाठ दोन दिवस लागू नये. तीन तारखा होत्या, तिन्ही जानेवारीच्या. त्यापुढे काही नाही. तीन वेळा वाजवलं आणि ठेवून दिलं. मी तारखा वाचल्या. पहिल्या दोन ऐकून भाऊ तसेच. तिसरी वाचली तेव्हा म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचली. शेजारी साडेसात लिहिलं होतं, आणि सकाळ.

मग आम्ही आत आलो.

पुढच्या सोमवारी भाऊ ती जुनी वही घेऊन आले. पहिलीच, चाळीस वर्षांपूर्वीची; शेऱ्यावर तीच तिसरी तारीख. मला वाटलं, आता तो शेरा खोडतील, किंवा पान फाडतील. ते म्हणाले, "ड्रॉइंग ऑफिसात चूक निघाली तर खोडायची नसते, ताई. जुनं दिसलं पाहिजे. नाही तर पुढच्याला कळत नाही की घर कुठे चुकलं होतं." त्यांनी पट्टी ठेवून त्या 'चुकीचे' शब्दावर एकच बारीक रेघ मारली. शब्द खाली दिसत राहिला. मग पानाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आखली, नकाशात असते तशी. काय बदलले, केव्हा, का, कुणी. डोळे अजून पुरते बरे नव्हते, अक्षर आयुष्यात पहिल्यांदा थोडं वर-खाली झालं. काय बदलले, त्याखाली लिहिलं, 'पत्नीचे म्हणणे बरोबर होते.' का, त्याखाली बराच वेळ पेन धरून बसले. हो, बसले, खुर्चीवर. मग लिहिलं, 'मी विश्वास ठेवला नाही म्हणून.'

आणि तक्त्यातला तो पांढरा चौकोन? मी विचारलं, आता शून्य ना? म्हणाले, "दुकानात तर आलं नाहीच, म्हणजे मी पण खरा. पण ते आलं होतं, म्हणजे ती पण खरी." त्यांनी चौकोनात एक छोटा ठिपका दिला. सगळ्या कागदावर असा एकच. खाली पुराव्याच्या यादीत, जिथे सगळी मासिकांची आणि पुस्तकांची नावं होती, तिथे शेवटी बायकोचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट. पुढच्या वर्षी ते मुलीकडे अल्फारेटाला राहायला गेले आणि तिथेच वारले. तो कागद मुलीनं फ्रेम करून भिंतीवर लावलाय असं तिनं मला फोनवर सांगितलं. लोक तिला विचारतात, हा कुठल्या इमारतीचा नकाशा आहे.

पण मला आठवतो तो सोमवारच. वहीवरची शाई वाळत होती. तळघरात एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता, आलेल्या रेकॉर्डी चालतात का बघायला. कॅरलनं खुणेनं विचारलं, लावू का? मला वाटलं भाऊ नको म्हणतील. ते काही म्हणालेच नाहीत, तेव्हा तिनं लावलं.

आधी खरखर, मग गाणं. तीन मिनिटंही नसेल. मला शब्द कळले नाहीत, कॅरल पायानं ताल धरत होती. भाऊ पट्टी हातात घेऊन समोर बघत बसले होते, डॉक्टरसमोर बसतात तसे. गाणं संपलं, सुई कडेला जाऊन फिरत राहिली.

"ताई," ते म्हणाले, "चांगलं आहे का हो गाणं?"

 त्या बाईचा आवाज काही मोठा नव्हता. शेजारच्या सीटवर बसून कुणी तरी हळू बोलावं तसा होता.

मी म्हटलं, "नंबर नाही देता येणार मला. पण रात्रभर ड्यूटी करून, बर्फातून एकटीनं गाडी चालवत घरी येताना सोबत वाटेल, असं आहे."

भाऊंनी मान हलवली. पट्टी खिशात ठेवली.

"हेच विचारायला पाहिजे होतं तिला," ते म्हणाले. "ती दारात उभी होती, सांगायला. मी विचारलं, कुठल्या स्टेशनवर."